बगळ्यांची पारख

२ फेब्रुवारी, शुक्रवार

गुडघाभर बर्फ. ईरीच्या तळ्यावरून अजून ओततंच आहे. दुकानात दिवसभरात एक गिऱ्हाईक, तेही चष्म्याचा स्क्रू हरवला म्हणून. विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

संकल्प: यंदाच्या कागदी बेसबॉलच्या निवडीत भावना शून्य.

गेल्या वर्षी आमच्या लीगमध्ये दहांत नववा आलो. कारण एकच, ईरी हेरन्स. आपल्या गावची टीम, छातीवर बगळा, म्हणून मी त्यांचे सहा बॅटर घेतले आणि सहाही जणांनी माझा विश्वासघात केला. एकाने तर ऑगस्टमध्ये घरच्या डिशवॉशरमध्ये बोट अडकवून घेतलं. या माणसासाठी मी माझी पहिली पाळी खर्च केली होती! भांडी घासायला बायको नाही, नोकर नाही, हाच सापडला.

यंदा बगळ्यांच्या नऊही बॅटरांची मी थंड डोक्याने पारख करणार. गाववाला म्हणून कोणाला सूट नाही. जास्तीत जास्त दोन बगळे घ्यायचे. दोन म्हणजे दोन.

बाकीच्यांकडे नाही ते माझ्याकडे आहे: नजर. आयुष्य गेलं लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात. कोणाला दिसतं आणि कोण दिसल्यासारखं करतो, मला लगेच कळतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पारख सुरू. पहिला: डेसमंड ट्रूइट, पहिल्या बेसवरचा. अंगाने कपाट. लागला तर चेंडू तळ्यात, नाही लागला तर तीनदा वारा घालून परत. जुन्या मॅचेस लावून पाहिल्या. पिचरकडे बघताना डावा डोळा बारीक करतो. निदान: दूरचं कमी दिसतं. निकाल: घ्यायचा नाही.

माझी बायको लोरेटा म्हणाली, अरे ऊन होतं, डोळे बारीक करणारच. मी म्हटलं, बॅटरची पारख आणि स्वेटरची पारख यात फरक असतो. ती म्हणाली, हो ना, स्वेटर दुकानात परत देता येतो.

मी पुढची मॅच लावली. थंड डोकं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, म्हणून आज गावभर जॅम भरलेले डोनट. मी चार खाल्ले. उद्यापासून व्यायाम.

फादर झिग्मंट नवा चष्मा न्यायला आले. म्हणाले, नॉर्बर्ट, हा तुमचा कागदी बेसबॉल म्हणजे काय प्रकार आहे? समजावून सांगितलं. दहा मित्र. मार्चअखेर माझ्या तळघरात बसायचं. देशातल्या सगळ्या खऱ्या टीम्समधून पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा आणि आपापली टीम बांधायची. एकाने उचलला की तो दुसऱ्याला नाही. मग खऱ्या मैदानावर त्याने जे काही मारलं त्याचे गुण आपल्या नावावर. मोसम संपताना ज्याचे गुण जास्त, तो जिंकला.

फादर म्हणाले, म्हणजे खेळतात ते. तुम्ही काय करता? म्हटलं, आम्ही निवडतो. फादर म्हणाले, परमेश्वरही तेवढंच करतो, पण तो इतकं बोलत नाही.

लोरेटा चर्चमध्ये माझ्याबद्दल काहीतरी बोललेली दिसते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

अध्यक्ष या नात्याने नवा नियम काढला. प्रत्येक पाळीला तीस सेकंद. तेवढ्यात नाव सांगितलं नाही तर पाळी गेली. गेल्या वर्षी निवडीला सात तास लागले, लोकांची जेवणं राहिली.

लोरेटा म्हणाली, सात तास तुझ्यामुळे लागले, एका दुसऱ्या बेसवाल्यावर तू भिंतीला नकाशा लावून बोललास. ते अध्यक्षीय भाषण होतं. अध्यक्षाच्या भाषणाला घड्याळ लावत नाहीत.

मग गसचा फोन. गस म्हणजे लोरेटाचा भाऊ, लीगचा सेक्रेटरी. म्हणाला, नॉर्ब, मिल्टचं काय? त्याला तीस सेकंदांत स्वतःचं नाव सांगता येत नाही रे.

हे खरं आहे. मिल्ट ओबरलँडरला नोव्हेंबरमध्ये पक्षाघाताचा झटका आला. डोकं शाबूत आहे, पण शब्द जिभेवर यायला फार वेळ घेतात. ही लीग त्याने आणि मी मिळून सुरू केली, दुकानाच्या मागच्या खोलीत. तेव्हा दुकान त्याचं होतं. काम मला त्यानेच शिकवलं. त्याला भेटायला जायचंय. पारख संपली की पहिलं काम तेच.

गसला म्हटलं, मिल्टने घरून ठरवून यावं. नियम सगळ्यांना सारखा. मिल्ट असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

गस म्हणाला, मिल्ट आहे, नॉर्ब.

मी म्हटलं, तेच तर म्हणतोय.

गस म्हणाला, बरं बाबा, तू म्हणशील तसं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

नियमाला सगळ्यांचा होकार! एकानेही वाद घातला नाही. लीग सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पिझ्झा कुठून मागवायचा एवढ्यावरूनही आमच्यात हमरीतुमरी होते. गहिवरून आलं. शिस्तीचं महत्त्व माणसांना उशिरा का होईना पटतं, फक्त सांगणारा ठाम हवा.

२५ फेब्रुवारी, रविवार

फ्लोरिडात सरावाच्या मॅचेस सुरू.

इग्नासियो बारेरा, कॅचर: बसून बसून गुडघे गेलेत. नको.
हेन्स, सेंटर फील्ड: धावतो हरणासारखा, मारतोही हरणासारखा. नको.
लाशान्स, शॉर्टस्टॉप: एका पायावर उभा राहून चेंडूची वाट बघतो, अगदी खऱ्या बगळ्यासारखं ध्यान लावून. चेंडू येतो, जातो, ध्यान सुटत नाही. मुळीच नको.

निर्दयपणे काट मारली. मजा आली.

लोरेटा मिल्टकडे निघाली होती. म्हणाली, चल ना, दहा मिनिटं बस आणि ये. म्हटलं, अजून तिसरा बेस बाकी आहे. ती दारात उभी राहिली, हातमोजे घातले, काढले, परत घातले. मग गेली. बायकांना निरोप घ्यायला वेळ लागतो.

३ मार्च, रविवार

दूध आणायला मिल्टच्या गल्लीतून गेलो. त्याच्या घरासमोर गाड्याच गाड्या. गसची, मॅकनल्टीची, दोघा कोवाल्स्कींची, आपल्या लीगमधली एकूण एक. लोरेटाने सकाळी पातेलंभर पिएरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करून गसबरोबर पाठवल्या होत्या, त्या इकडेच आल्या असणार.

आजाऱ्याला भेटायला सगळे एकत्र गेले. याला म्हणतात मैत्री. छाती भरून आली. आत जावंसं वाटलं, पण गाडी लावायला जागा नव्हती, आणि बारेराने काल दोन होमरन मारलेत. त्याच्या गुडघ्यांचा फेरविचार करायला हवा.

८ मार्च, शुक्रवार

उपवासाचा शुक्रवार, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे. गस, मॅकनल्टी आणि इतर एका टेबलावर खिदळत होते. मी ताट घेऊन गेलो तर सगळे एकदम चूप. साहजिक आहे. माझ्यासमोर डावपेच बोलायला घाबरतात.

मी पोचण्याआधी गसचं एक वाक्य कानावर पडलं: मिल्टने रॅफर्टी पळवला लेकाचा, मी टपून बसलो होतो.

रॅफर्टी म्हणजे शिकागोकडचा तो नवा धडाकेबाज बॅटर. म्हटलं, पळवला? निवड तर अजून व्हायचीय. गस माशाकडे बघत म्हणाला, पळवेल. पळवेल म्हणालो मी.

गसचं व्याकरण शाळेपासून कच्चं. लोरेटाला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, भात घे अजून. भात नव्हताच, कोबीचं सॅलड होतं. तिची तब्येत बरी दिसत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

पारखीत सुधारणा. ट्रूइटने आठवड्यात पाच होमरन मारले. ऊनच असणार तेव्हा. हेन्सने व्यायाम करून दंड कमावलेत. बारेराने एका मुलाखतीत सांगितलं की आपल्याला ईरीचे लोक आवडतात. सांगताना थेट कॅमेऱ्यात बघत होता. त्या डोळ्यांत खोट नव्हती, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

दोन बगळे हा आकडा मी कोणत्या आधारावर काढला होता, आठवत नाही. चार ठीक वाटतात. शास्त्रीय दृष्टी म्हणजे नव्या पुराव्यानुसार मत बदलणं.

एवढ्या पुराव्यानंतर गाववाल्यांना टाकणं ही उलटी भावना झाली. आणि मी तर ठरवलंय, भावना शून्य.

२३ मार्च, शनिवार. निवडीचा दिवस

दिग्विजय!

सगळे वेळेवर आले. (मिल्ट सोडून. त्याच्यासाठी गसने निवडायचं ठरलं.) कोणी अंगातले कोटसुद्धा काढले नाहीत. तळघरात इतकी काही थंडी नव्हती. माझा दबदबा.

एकानेही घड्याळाचा काटा पुरा फिरू दिला नाही. नाव घे, पुढे. नाव घे, पुढे. रॅफर्टी गसने स्वतःसाठी उचलला. मी टोमणा मारला, का रे, मिल्ट पळवणार होता ना? गस खोकला.

पहिल्या पाळीला मी ट्रूइट घेतला. कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या पाळीला हेन्स. मग बारेरा. मी थांबून कारणं सांगत होतो, सगळे मान डोलावत होते. मॅकनल्टी तर म्हणाला, छान रे नॉर्ब, अजून घे. शेवटी माझ्याकडे सात बगळे! लाशान्ससुद्धा! गेली कित्येक वर्षं हे लोक मला हिणवत आले की तू गावच्या टीमच्या प्रेमात आंधळा आहेस, आणि आज एकाचीही माझ्याशी भिडायची छाती झाली नाही.

जेवणाआधी सगळं आटोपलं. लोरेटाने सॉसेज आणि कोबीचे रोल केले होते. कोणी बसलं नाही, सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं. दहा जणांचं अन्न उरलं. एकट्याने विजय साजरा केला, तीन रोल जास्त खाल्ले.

लोरेटाने भांडी घासताना विचारलं, मजा आली? म्हटलं, अगं, त्यांनी सपशेल शरणागती पत्करली. ती म्हणाली, नॉर्बी. मग नळ सोडला आणि पुढचं ऐकू आलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

आज मोसमाचा पहिला दिवस. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

झटक्यानंतर मिल्टला एकाचे दोन दिसतात, त्यासाठीचा खास चष्मा तयार होऊन आला होता. गस म्हणाला होता, मी नेतो. पण पारख संपली होती, निवड झाली होती, त्याचं घर वाटेतच होतं. म्हटलं स्वतः द्यावा. दुपारी गेलो.

मिल्ट टीव्हीसमोर खुर्चीत. बारीक झालाय. मला बघून उजळला. मी त्याला चष्मा चढवला, नाकावर नीट बसवला, त्याने हाताने खूण केली, बस. बगळ्यांची मॅच चालू होती, शिकागोविरुद्ध. रॅफर्टी आला आणि पहिल्याच चेंडूवर होमरन. आपल्या पिचरला! मिल्टने चांगल्या हाताने खुर्चीवर असा दणका दिला की कुशन उडालं.

मी म्हटलं, मिल्ट, अरे आपण हरतोय. आणि रॅफर्टी तुझा नाही, गसचा आहे.

मिल्टने मान हलवली. मा… झा.

म्हटलं, नाही रे बाबा, शनिवारी गसने घेतला, मी समोर होतो. मिल्टचं आपलं तेच. माझा.

मिल्टची बायको बर्नाडीन कॉफी घेऊन दारात आली होती. ती म्हणाली, मिल्ट, राहू दे. मिल्टने तिच्याकडे हात केला, थांब म्हणून. मग माझ्याकडे वळला आणि बोलायला लागला. एक शब्द, मग ओठ नुसतेच हलतात, मग दुसरा. मला सवयीने ते वाक्य पुरं करायचं होतं. मी दोनदा पुरं केलंही, दोन्ही वेळा चुकीचं. शेवटी त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला, बरोबर घड्याळावर, आणि मी गप्प बसलो.

तो म्हणाला: तिकडे… तू… बोलतोस.

मग खूप वेळाने: इकडे… मी.

बर्नाडीनने बाकीचं सांगितलं. त्यांची खरी निवड इथेच झाली, याच खोलीत, मार्चच्या सुरुवातीला. नऊ जणांची. माझ्या तळघरातली ती शनिवारची निवड मला वाईट वाटू नये म्हणून होती. बर्नाडीन म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस. कॉफी न पिता उठलो.

बगळे हरले. ट्रूइट चारदा आला, चारदा वारा घालून गेला.

२९ मार्च, शुक्रवार

विश्वासघातकी. सगळेच्या सगळे. मॅकनल्टीच्या मुलीच्या लग्नात मी चष्मे फुकट दिले होते, दोन. दोघा कोवाल्स्कींना तर मी लीगमध्ये आणलं. आणि गस! पळवला, पळवेल!

लोरेटाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो. पिएरोगी मीच केल्या.

म्हटलं, नवऱ्यापेक्षा भाऊ जवळचा? तर ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. म्हणाली, अख्खा हिवाळा वाट बघितली मी, नॉर्बर्ट. म्हटलं, आज जाईल, उद्या जाईल. त्या माणसाने तुला हाताला धरून धंदा शिकवला आणि तू त्याला घड्याळ लावलंस. वर मला सांगतोस ट्रूइटचा डोळा बारीक आहे!

विषयांतर. ट्रूइटचा इथे काय संबंध?

आज गुड फ्रायडे, उपवास. उरलेले रोल खाल्ले नाहीत. भूकच नाही.

२ एप्रिल, मंगळवार

गस दुकानात आला. गिऱ्हाईक असल्यासारखा फ्रेमा चाळत उभा राहिला. मी म्हटलं, बोला साहेब, काय दाखवू? म्हणाला, नॉर्ब, असं नको ना करू.

त्याला विचारलं, माझे सात तास तुम्हाला जड झाले, तुमच्या निवडीला किती वेळ लागला? तो म्हणाला, दोन रविवार.

दोन रविवार!

म्हणाला, मिल्ट प्रत्येक नाव स्वतः सांगत होता. रॅफर्टीचं नाव यायला इतका वेळ लागला की कोवाल्स्की बाहेर जाऊन गाडीवरचं बर्फ काढून आला. पण मिल्टने पूर्ण सांगितलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तुला बोलवायचं माझ्या मनात होतं रे, शप्पथ. पण तू आला असतास तर त्याच्या तोंडचं नाव काढून घेतलं असतंस.

मी म्हटलं, मदत म्हणून. गस म्हणाला, माहीत आहे.

दर रविवारी सगळे तिथे मॅच बघतात म्हणे. तूही ये, टीम नसली म्हणून काय झालं, नुसता बस. नुसता बस! संस्थापकाला!

गसला सांगितलं, तुमच्या लीगशी मला कर्तव्य नाही. माझी लीग खरी. निवड नियमाप्रमाणे झाली, साक्षीदार आहेत. मी ती जिंकून दाखवणार. मग बघू कोण कोणाला बसायला बोलावतं.

१९ एप्रिल, शुक्रवार

पेपरात बातमी: ट्रूइटला दूरचं कमी दिसतं. डॉक्टरांनी चष्मा सांगितला, तो लावायला तयार नाही. हे मी फेब्रुवारीत सांगितलं होतं! अख्ख्या ईरीत पहिल्यांदा मी! आणि माझ्याच टीममध्ये तो रोज वारा घालतोय.

बारेराचा गुडघा गेला. हेन्सला दुसऱ्या टीमला विकलं. कॅमेऱ्यात बघून गोड बोलणाऱ्यांवर यापुढे विश्वास ठेवायचा नाही. लाशान्सचं ध्यान चालू आहे.

तरी हिंमत सोडलेली नाही. रोज सकाळी लीगची वेबसाइट उघडून टीम लावतो, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं. बाकी नऊ जणांनी निवडीनंतर एकदाही उघडलेली नाही, तिथे तसं दिसतं. म्हणजे सगळे झोपलेले आणि मी एकटा जागा. अशी संधी आयुष्यात एकदाच येते.

२८ एप्रिल, रविवार

मिल्टकडे गेलो होतो. चष्म्याच्या कामासाठी. नवा चष्मा महिन्याभराने कानामागे तपासावा लागतो. तपासला. घट्ट होता, सैल केला. सगळे होते. गसने सरकून जागा दिली, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि बसलो.

मिल्टने एक किस्सा सांगितला, तो म्हातारा खलाशी दुकानात एका काचेचा चष्मा मागायला आला होता तो. मी तेव्हा दुकानातच होतो, मला शेवट माहीत आहे. मॅचचे दोन डाव संपले तरी किस्सा चालू. शेवट माझ्या जिभेवर आला होता. कॉफीचा कप तोंडाला लावून धरला, रिकामा होता तरी.

मिल्टने शेवट चुकवला. सगळे पोट धरून हसले. माझ्या आठवणीतल्यापेक्षा तो बरा निघाला, खरं सांगायचं तर.

क्षमा वगैरे कोणाला केलेली नाही. नोंद असावी.

१९ मे, रविवार, सकाळ

वेबसाइटवरचा तक्ता पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला.

दहांत दहावा.

नऊ जणांनी दोन महिने टीमला हातही लावलेला नाही. त्यांचे जखमी खेळाडू तसेच मैदानात उभे, बसवायचे ते खेळतायत, खेळवायचे ते बसलेत. त्या सगळ्यांच्या मागे मी. मॅकनल्टीने तर एक निवृत्त झालेला पिचर घेऊन ठेवलाय, तोही माझ्या पुढे. माझ्यावर नववा मिल्ट. म्हणजे मिल्टच्या नावाची ती टीम, जी गसने कोट न काढता, उभ्या उभ्या, घड्याळाकडे बघत निवडली होती.

लोरेटाने विचारलं, काय रे, काय झालं? म्हटलं, काही नाही.

हे मिल्टला सांगावं की नाही याचा विचार करतोय. सांगितलं तर तो हसणार. आणि आता मिल्टला हसूही सावकाश येतं, आधी डोळ्यांत, मग एका गालावर, मग कधीतरी आवाज. ते पुरं होईपर्यंत समोर बसून राहावं लागेल.

दुपारी काही काम नाही म्हणा.